छातीवर रेघा असलेली चिमणी: साँग, सॅव्हाना की लिंकन? (न्यू जर्सी, एप्रिल)

चाफेकळी | १७ एप्रिल, सकाळी १०:४०

ठिकाण मध्य न्यू जर्सी. तळ्याकाठची पायवाट. डाव्या हाताला पाणकणसांची दाटी आणि विलोची झुडपं, उजवीकडे न कापलेलं गवताळ मैदान. वेळ सकाळी ६:५० ते ७:१०. ऊन तिरपं, वारा नाही.

पक्षी घरचिमणीपेक्षा किंचित लहान. पाठ तपकिरी, छाती मळकट पांढरी, त्यावर उभ्या तपकिरी रेघा. छातीच्या मधोमध त्या रेघा एकत्र येऊन ठिपका झालाय. पाय गुलाबी. तीन फोटो आहेत: समोरून, बाजूने आणि उडून जाताना पाठमोरा (हा हललाय).

गाणं फोनवर रेकॉर्ड केलंय, ११ सेकंद, त्यात एकच गाणं दोनदा. आधी तीन सारखे सुटे स्वर, मग घोगरं "झ्र्र", मग भरभर थरथर आणि शेवटी दोन-तीन विखुरलेले स्वर. आवाजावरून पक्षी ओळखणारं मर्लिन अ‍ॅप 'साँग स्पॅरो' म्हणतंय. पण पुस्तकात साँग स्पॅरोची शेपटी लांब दाखवली आहे आणि ही तर आखूड वाटते.

प्रश्न तीन. कोण आहे हा? छातीवरच्या ठिपक्यावर कितपत विसंबावं? आणि ही गाणी लक्षात कशी ठेवायची?

दुर्बिणवाला | १०:५२

साँग स्पॅरो. ठिपका आहे ना? झालं. पुढचा पक्षी आणा.

खवचट_काकू | ११:०५

आमच्याकडे घरचिमणी वाचवा म्हणून मातीची घरटी वाटतात, आणि तुमच्याकडे चिमण्या इतक्या की ओळख परेड घ्यावी लागते. चालू द्या. पॉपकॉर्न घेऊन बसले आहे.

रानवाटसरू | ११:३०

दुर्बिणवाला, घाई नको. ठिपक्यापाशी सगळे पहिल्यांदा जातात आणि तिथेच फसतात.

चाफेकळी, रेघाळ चिमण्यांत रेघा सगळ्यात शेवटी बघायच्या. आधी शेपूट. साँग स्पॅरोची शेपटी शरीराच्या मानाने लांब आणि टोकाला गोलसर. उडताना ती पंपाच्या दांड्यासारखी वरखाली हलते. उडणं खालून, थोडंसं, आणि थेट झुडपात. सॅव्हाना स्पॅरोची शेपटी आखूड आणि टोकाला खाच पडलेली. ती गवतातून उडाली की पायऱ्या चढल्यासारखी वर जाते आणि अचानक पुन्हा गवतात पडते, किंवा कुंपणाच्या तारेवर बसून मागे वळून बघते.

मग चेहरा. साँगची भुवई रुंद आणि राखाडी, डोळ्यामागून जाणारी रेघ तांबूस तपकिरी. चोचीच्या मुळापासून गळ्याच्या दोन्ही बाजूंनी खाली उतरणारी मिशी जाड, गडद, खाली रुंद होत जाणारी त्रिकोणी. सॅव्हानाची भुवई डोळ्याच्या पुढच्या भागात पिवळी (बहुतेकदा, नेहमी नाही), डोक्याच्या मध्यावर फिकट भांग स्पष्ट, चोच लहान. लिंकनचा चेहरा बराच राखाडी, मिशीच्या वरची पट्टी साजूक तुपाच्या रंगाची, आणि डोक्यावरची पिसं जराशी उभी राहतात, झोपेतून उठल्यासारखी.

आता रेघा. साँगच्या जाड आणि कडेला विरघळलेल्या, ओल्या कागदावर शाईच्या ओघळांसारख्या. सॅव्हानाच्या बारीक, कडक कडांच्या. लिंकनच्या तर पेन्सिलीने ओढल्यासारख्या, आणि त्या मळकट पिवळ्या छातीवर थांबतात. पोट एकदम पांढरं.

बाजूने काढलेला फोटो मोठा करून टाका. पिवळं दिसतं का बघू.

मोडीलिपी | ११:४८

थोडं विषयांतर, पण नावापासून सुरुवात झाली तर बरं. साँग स्पॅरो, सॅव्हाना स्पॅरो, लिंकन स्पॅरो यांतली एकही आपली 'चिमणी' नाही. आपली घरचिमणी पॅसरिडी कुळातली. ती अमेरिकेत उपरी आहे, १८५१ च्या सुमारास ब्रूकलिनमध्ये आणून सोडलेली. अमेरिकेच्या या रेघाळ मंडळींचं कुळ वेगळं, पॅसरेलिडी. ती नात्याने आपल्या भारीटांना (इंग्रजीत बंटिंग) जास्त जवळची. युरोपातून आलेल्या लोकांना दाणे टिपणारा तपकिरी लहान पक्षी दिसला आणि त्यांनी त्याला घरचं नाव देऊन टाकलं.

त्यामुळे 'गाणारी चिमणी' असं भाषांतर करण्यापेक्षा 'गाणारा भारीट' म्हटलेलं शास्त्राला धरून होईल.

खवचट_काकू | ११:५५

मोडीलिपी, भारीट म्हटलं की निम्म्या लोकांना वांग्याचं भरीत आठवतं. चिमणीच राहू द्या.

दुर्बिणवाला | १२:१०

नाव काहीही ठेवा. ठिपका हीच खूण आहे हे माझं मत कायम. नवशिक्यांना इतकं सांगितलं तर ते एकही पक्षी ओळखणार नाहीत.

पाणथळ | १२:४५

ठिपक्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण यात दोन्ही बाजूंनी चूक होते.

तो ठिपका म्हणजे वेगळ्या रंगाचं पीस नव्हे. छातीच्या दोन्ही बाजूंच्या रेघा मधे जवळ येतात, तिथे गडद भाग एकावर एक पडतो आणि ठिपका दिसतो. म्हणजेच पिसं कशी बसली आहेत यावर तो अवलंबून. पक्षी ओला असेल, वाऱ्याने पिसं फाकली असतील, किंवा मान उंच ताणून गात असेल तर साँग स्पॅरोचाही ठिपका फुटतो किंवा गायब होतो. उलट थंडीत पिसं फुलवून बसलेल्या सॅव्हानाच्या छातीवर छान टपोरा ठिपका दिसतो. कधीकधी लिंकनलाही. फॉक्स स्पॅरोला तर असतोच, पण तो आकाराने मोठा, शेपूट आणि पंख विटकरी, छातीवर रेघांऐवजी बाणाच्या टोकासारख्या खुणा, आणि पाचोळा दोन्ही पायांनी एकदम मागे फेकतो.

ठिपका असेल तर साँगची शक्यता थोडी वाढते, एवढाच त्याचा उपयोग. नसेल म्हणून साँग नाही असं होत नाही.

दुसरं, ऋतू. या पक्ष्यांची पिसं उन्हाळा संपता संपता बदलतात. त्याआधी जुलै-ऑगस्टमध्ये जुन्या पिसांच्या कडा झिजलेल्या असतात, रेघा जास्त काळ्या आणि तुटक दिसतात, पाठीवरचं फिकट नक्षीकाम उडून जातं. शेपूट गळून नवी येत असेल तर 'लांब शेपूट' ही खूणही बाद. एप्रिलमध्ये ही अडचण नाही.

शेंगदाणा | १२:५८

हाउस फिंचची मादी नाही ना? तीही रेघाळच असते.

रानवाटसरू | १:१५

रास्त शंका, पण गुलाबी पाय आणि गवताकाठची जागा बघता नसावी. मादी फिंचच्या चेहऱ्यावर काहीच नसतं. भुवई नाही, मिशी नाही, भांग नाही, सगळा चेहरा एकसारखा मातकट. चोच जाड आणि वरून वाकलेली. आणि ती टांगलेल्या फीडरवर सूर्यफुलाचे दाणे फोडत बसते. साँग स्पॅरो सहसा खाली जमिनीवर सांडलेलं टिपतो. (हाउस फिंच मूळचा पश्चिमेकडचा. १९४० च्या सुमारास लाँग आयलंडवर पिंजऱ्यातले पक्षी सोडून देण्यात आले, त्यांची ही पूर्वेकडची प्रजा.)

तसाच दिसणारा आणखी एक म्हणजे पाइन सिस्किन. सगळं अंग रेघाळ, पण चोच सुईसारखी टोकदार आणि पंखात पिवळी झाक.

तानपुरा | २:०५

आता आवाज. रेकॉर्डिंग ऐकलं. गाणं साँग स्पॅरोचंच आहे, याबद्दल मला शंका नाही. कारण सांगतो.

साँग स्पॅरोच्या गाण्याची बांधणी ठरलेली, मजकूर मात्र बदलता. सुरुवातीला दोन ते चार सारखे, सुटे, खणखणीत स्वर, ज्यांना लय असते. मग एखादा घोगरा बझ किंवा वेगळ्या उंचीचा स्वर. मग थरथर. मग शेवटी शेपटासारखे काही स्वर. सगळं मिळून दोन ते चार सेकंद. नवीन माणूस पूर्ण चाल पाठ करायला जातो आणि पुढच्या पक्ष्यापाशी हरतो, कारण एकेका नराकडे साधारण सहा ते बारा वेगवेगळी गाणी असतात. तो एक गाणं पुष्कळदा म्हणतो, मग दुसऱ्यावर जातो. वीस मिनिटं एका जागी उभं राहिलं तर 'आता दुसरा पक्षी आला' असं वाटतं. पक्षी तोच असतो, त्याने बंदिश बदललेली असते. म्हणून चाल नाही, बांधणी लक्षात ठेवायची: समान सुटे स्वर, घोगरा, थरथर, विखुरलेलं.

सॅव्हानाचं गाणं किड्यासारखं. दोन-तीन बारीक "त्सिप्", मग लांब कोरडा "त्सीऽऽऽ", मग एक खाली उतरलेला छोटा "त्स्यॅ". त्यात खणखणीत स्वर नाहीत. थोडं दूर गेलं की मधला बझ तेवढा उरतो.

लिंकन बुडबुड्यासारखा गातो. सलग, गोड, मधे थांबा नाही, वर चढून शेवटी खाली येतो. रेन पक्ष्याची आठवण होते. सुरुवातीला सुटे स्वर नाहीत ही मोठी खूण.

स्पेक्ट्रोग्राम (आवाजाचं चित्र) बघता येत असेल तर काम आणखी सोपं. स्वच्छ शीळ म्हणजे बारीक आडवी रेघ. थरथर म्हणजे कुंपणाच्या पट्ट्यांसारख्या उभ्या खुणा. बझ म्हणजे पुसट जाड पट्टा, खडू आडवा घासल्यासारखा. चाफेकळींच्या रेकॉर्डिंगमध्ये सुरुवातीला तीन एकसारख्या खुणा सुट्या सुट्या दिसतात, मग पट्टा, मग कुंपण. सॅव्हानाचं चित्र असं येऊच शकत नाही.

दुर्बिणवाला | २:१२

म्हणजे माझं उत्तर बरोबर. १०:५२ ला दिलं होतं.

तानपुरा | २:१४

गाण्याचं उत्तर बरोबर. पक्ष्याचं अजून ठरलेलं नाही.

शेंगदाणा | २:३०

गाण्यांना मराठी शब्द लावूया का? इंग्रजीत साँग स्पॅरोसाठी मोलकरणींना चहाची किटली ठेवायला सांगणारी ओळ आहे, ती आपल्याला कामाची नाही.

माझा प्रस्ताव: "चल, चल, चल, च्च्हाऽऽ टाकटाकटाकटाक, ये ना!"

खवचट_काकू | २:३६

मंजूर. चहा भाषांतरातही वाचला.

सॅव्हानासाठी: "जा, जा, जा, शूऽऽऽऽऽ, बस." कुकरची शिट्टी व्हायच्या आधीची वाफ.

तानपुरा | २:५०

काकू, सॅव्हानाचं उत्तम आहे. लांब "शू" आणि शेवटचा उतरलेला "बस" दोन्ही जागेवर पडले.

पाणकणसांजवळ असाल तर स्वॅम्प स्पॅरोही लक्षात असू द्या. त्याचं गाणं म्हणजे एकाच स्वराची संथ, गोड, गोटीदार थरथर, खुळखुळा सावकाश हलवल्यासारखी. चिपिंग स्पॅरोचीही एकाच पट्टीतली थरथर, पण कोरडी आणि यांत्रिक, शिलाई मशीन. फील्ड स्पॅरो टेबलटेनिसचा चेंडू सोडल्यासारखा: टप्… टप्.. टप्.टप्टप्टप्र्र्र. या तिघांच्याही छातीवर प्रौढ वयात ठळक रेघा नसतात. पण गाणं आधी ऐकू आलं आणि नजर मागून गेली की घोटाळे होतात.

सिएटलकर | ३:४०

इथे वाचणाऱ्या सगळ्यांसाठी एक सूचना: वरचं रंगांचं वर्णन पूर्व किनाऱ्याचं आहे. साँग स्पॅरोच्या दोन डझनांच्या आसपास उपजाती मानतात आणि त्या एकमेकींपासून बऱ्याच वेगळ्या दिसतात. सिएटल-व्हँकुव्हरकडचा पक्षी गडद, काळपट तांबूस, छातीची पार्श्वभूमीही राखाडी. ॲरिझोनाच्या वाळवंटी भागातला फिकट, रेघा विटकरी. अलास्काच्या अल्यूशन बेटांवरचा तर आकारानेच दांडगा. सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या खाऱ्या दलदलीत आणखी वेगळ्या. शेपूट, मिशीची जाडी आणि गाण्याची बांधणी मात्र सगळीकडे कायम राहते.

शेजारी नर एकमेकांची गाणी शिकतात. इथल्या डिस्कव्हरी पार्कमधल्या साँग स्पॅरोंवर वॉशिंग्टन विद्यापीठाने बरीच वर्षं अभ्यास केला. शेजाऱ्याने गाणं म्हटलं की हा त्याच गाण्याने उत्तर देतो (ही भांडणाची खूण), किंवा दोघांना येणारं पण वेगळं गाणं म्हणतो (हा नुसता रामराम).

मोडीलिपी | ३:५५

यात मार्गारेट मॉर्स नाइस यांचं नाव यायलाच हवं. ओहायोत कोलंबस गावी घराजवळच्या साँग स्पॅरोंच्या पायात रंगीत कडी घालून त्यांनी एकेका पक्ष्याचा संसार वर्षानुवर्षं टिपला. तो ग्रंथ १९३७ आणि १९४३ असा दोन खंडांत आला. पक्ष्यांच्या वागणुकीच्या अभ्यासात आजही त्याचा दाखला देतात.

आणि लिंकन स्पॅरोचा अब्राहम लिंकनशी काडीचा संबंध नाही. १८३३ च्या लॅब्राडोर सफरीत पक्षीचित्रकार ऑड्युबनसोबत टॉमस लिंकन नावाचा तरुण होता, त्याचं नाव. सॅव्हानाही गवताळ प्रदेशावरून नाही, जॉर्जियातल्या सॅव्हाना शहरावरून.

खवचट_काकू | ४:०१

म्हणजे गवतात राहणाऱ्या पक्ष्याचं नाव शहरावरून, आणि चिमणी चिमणी नाही. बरं.

बे_एरिया_बंडू | ५:२०

कॅलिफोर्नियात साँग स्पॅरोच्या गाण्याचा खरा घोटाळा होतो तो ब्यूइक्स रेनशी. त्याच्या गाण्यातही सुटे स्वर, बझ आणि थरथर असते. फरक आवाजाच्या जातीचा: रेनचा बझ श्वास आत ओढल्यासारखा आणि शेवटची थरथर जास्त नीटनेटकी. साँगचं गाणं तुलनेने ओबडधोबड, स्वर जाड.

दक्षिण कॅलिफोर्नियाच्या खाऱ्या दलदलीत सॅव्हानाचीच बेल्डिंग्ज ही उपजात असते. गडद आणि भरगच्च रेघांची, त्यामुळे घाईत तिला साँग म्हटलं जातं. राज्याच्या धोक्यातल्या यादीत आहे, म्हणून नोंद करताना काळजी घ्या.

चाफेकळी | ८:३०

सगळ्यांचे आभार. बाजूचा फोटो मोठा करून वर टाकलाय. डोळ्यापुढे पिवळं आहे, अगदी थोडं, पण आहे. डोक्यावर फिकट भांग दिसतो. हललेल्या फोटोत शेपटीच्या टोकाला खाच दिसते असं मला वाटतं. मग गाणं साँगचं आणि पक्षी सॅव्हानाचा, हे कसं?

पाणथळ | ८:५०

सॅव्हाना आहे. भांग आणि खाच दोन्ही साफ. ठिपका आहे, पण बाजूच्या रेघा बघा, एकेक सुटी मोजता येते.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. रेकॉर्डिंगची वेळ आणि फोटोंची वेळ फोनमध्ये बघा.

चाफेकळी | ८:५८

रेकॉर्डिंग ६:५२. पहिला फोटो ७:०४.

पाणथळ | ९:१०

बारा मिनिटं. रेकॉर्डिंग करताना तुम्ही डावीकडे विलोंकडे तोंड करून होता की उजवीकडे मैदानाकडे?

चाफेकळी | ९:१४

डावीकडे. फोटो उजवीकडचे.

पाणथळ | ९:३५

मग दोन पक्षी आहेत. विलोत साँग स्पॅरो गात होता आणि मैदानात सॅव्हाना चरत होता. अ‍ॅपही बरोबर, फोटोही बरोबर, जोडणी तेवढी चुकली. दिसलेला आणि ऐकलेला पक्षी एकच आहे असं धरून चालणं, ही या मंडळींच्या ओळखीतली सगळ्यात मोठी चूक.

पक्का पुरावा एकच: चोच उघडलेली दिसली आणि त्याच क्षणी स्वर आला. साँग स्पॅरो गाताना झुडपाच्या शेंड्यावर किंवा उघड्या फांदीवर येतो, मान मागे टाकतो, गळा फुगतो, शेपूट खाली लोंबते. दहा-वीस सेकंदांनी पुन्हा तेच. एक गाणं ऐकलं की दुर्बीण लावून पुढच्याची वाट बघायची. जमिनीवर दाणे टिपणारा पक्षी सहसा गाणारा नसतो.

एप्रिलच्या मध्यावर न्यू जर्सीच्या गवतातून सॅव्हाना उत्तरेकडे जात असतात. वाटेवर ते फार गात नाहीत, एखादा बारीक "त्सिप्" ऐकू येतो. साँग स्पॅरो तिथे वर्षभर असतो, आणि फेब्रुवारीअखेरपासून गळा मोकळा करायला लागतो. लिंकन तुमच्याकडे मे महिन्यात आणि मग सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतो. जुलैत न्यू जर्सीत बारीक रेघांचा, पिवळसर छातीचा पक्षी बघून कोणी लिंकन म्हणालं तर ते साँग स्पॅरोचं पिल्लू समजा.

दुर्बिणवाला | ९:४८

मान्य. ठिपका मागे घेतो. अर्धा.

तानपुरा | १०:२०

रेकॉर्डिंग पुढच्या वेळी असं करा. फोन एअरप्लेन मोडवर टाका, म्हणजे मधे खणखण नाही. खालची माइकची बाजू पक्ष्याकडे, बोटं माइकवर नकोत. चालत असताना रेकॉर्ड करू नका, जॅकेटची सळसळ गाण्यापेक्षा मोठी येते. किमान तीस सेकंद घ्या, म्हणजे त्याच गाण्याच्या दोन-तीन आवृत्त्या आणि शेजाऱ्याचं उत्तरही मिळतं. शेवटी हळू आवाजात बोला: तारीख, वेळ, जागा, पक्षी दिसला की नुसता ऐकला, किती अंतरावर. 'नुसता ऐकला' एवढं त्यात असतं तर आजचा अर्धा धागा वाचला असता.

ई-बर्डवर (पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर) चढवायचं असेल तर वेव्ह फाइल ठेवा, एमपी३ नको. गाण्याच्या आधी-नंतर तीन सेकंद राखून बाकीचं कापा, आवाजाची कमाल पातळी उणे ३ डेसिबलवर आणा. आवाज 'स्वच्छ' करणारी फिल्टरं वापरू नका, ती वरचे बारीक स्वर खातात आणि सॅव्हानाचे "त्सिप्" नाहीसे होतात.

अ‍ॅपच्या उत्तरावर नाव दिसलं की लगेच नोंद करू नका. मॉकिंगबर्ड दुसऱ्यांच्या नकला करतो आणि अ‍ॅप फसतं. एकच तुकडा तीन-चार वेळा म्हणून लगेच दुसऱ्याच पक्ष्याचा तुकडा सुरू झाला, तर तो नकलाकार.

शेंगदाणा | १०:३५

फोनवर त्याचंच गाणं वाजवलं तर समोर येतो म्हणतात. करावं का?

रानवाटसरू | १०:५०

येतो, पण आता करू नका. एप्रिल ते जुलै त्यांचं घरट्याचं काम चालू असतं. हद्दीत परका नर आला समजून तो सगळं सोडून भांडायला येतो. घरटं जमिनीवर किंवा कमरेखालच्या झुडपात असतं, आणि काउबर्ड तिथे लक्ष ठेवून असतो. आपली कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडं टाकते तसा त्याचा उद्योग, आणि साँग स्पॅरो त्याचं नेहमीचं गिऱ्हाईक.

ओठांनी "पिश् पिश् पिश्" तीन-चारदा केलं तरी साँग स्पॅरो कुतूहलाने फांदीवर येतो. तेवढं पुरे. अंगणात हवा असेल तर झुडपाजवळ जमिनीलगत पसरट थाळीत व्हाइट मिलेट टाका, दिसायला आपल्या वरी-राळ्यासारखं बी. एका वेळी मूठभर, पावसात भिजलेलं काढून टाकायचं, नाहीतर बुरशी येते. मका टाकला की घरचिमण्यांची टोळी येऊन बाकीच्यांना हाकलते.

चाफेकळी | १८ एप्रिल, सकाळी ९:१५

आज त्याच जागी. विलोच्या शेंड्यावर लांब शेपटीचा पक्षी, मान मागे, चोच उघडी, आणि तेव्हाच "चल, चल, चल, च्च्हाऽऽ". पाच वेळा तेच, मग चाल बदलली. साँग स्पॅरो, पाहून आणि ऐकून. मैदानात कालच्यासारखे आखूड शेपटीचे तिघे, भुवईत पिवळं. उडाले, पायऱ्या चढले, गवतात पडले.

पण त्यांच्यापलीकडे, नांगरलेल्या तुकड्यात, आणखी एक रेघाळ छातीचा होता. उडताना शेपटीच्या दोन्ही कडा पांढऱ्या चमकल्या. फोटो नाही.

दुर्बिणवाला | ९:२२

पांढऱ्या कडा म्हणजे व्हेस्पर स्पॅरो! न्यू जर्सीत दुर्मिळ. अभिनंदन!

पाणथळ | ९:३०

थांबा. चाफेकळी, डोळ्याभोवती पांढरं कडं होतं का? चोच कशी होती? आणि जमिनीवर उड्या मारत होता की चालत होता?

चाफेकळी | ९:४१

कडं बघितलं नाही. चोच बारीक. चालत होता, एकेक पाऊल टाकत, आणि सारखी शेपटी खालीवर.

पाणथळ | ९:४४

अमेरिकन पिपिट. म्हणजे आपल्याकडच्या तीरचिमण्यांचा भाऊबंद.

मोडीलिपी | ९:५०

जी चिमणीही नाही आणि भारीटही नाही.

खवचट_काकू | ९:५२

चहा टाका.